इंजिन हो म्हणाले, गिअरबॉक्सला विचारले का?

माझा भाचा खांदा कॉलनीत राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली. पेट्रोलवर चालणारी, 1.8 टीएसआय, ऑटोमॅटिक. सुरुवातीची रक्कम ताईने भरली. ती तिने निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेली होती. बाकीचे हप्ते तो पगारातून भरतो. गाडी चांगली आहे, वेगवान आहे, यात शंका नाही. पण तरुण मुलाला चांगल्या गाडीत कधी समाधान असते का? गेल्या दिवाळीत घरी आला आणि म्हणाला, "मामा, गाडी रिमॅप करायची आहे. बॉनेटसुद्धा उघडावे लागत नाही. फक्त सॉफ्टवेअर बदलायचे. 180 हॉर्सपॉवरची 230 होते."

मी विचारले, "आणि टॉर्क?"

"250 आहे, तो साडेतीनशेच्या आसपास जातो. इंजिन सहज सोसते, मामा. सगळे करतात."

मी तीस वर्षे एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यामुळे इंजिन सोसते म्हटले की माझे लक्ष आपोआप मागे जाते. इंजिनच्या मागे क्लच असतो, मग गिअरबॉक्स, मग डिफरन्शियल, मग शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट, शेवटी टायर. इंजिनने निर्माण केलेला जोर या सगळ्यांच्या अंगावरून जातो, तेव्हा कुठे गाडी हलते. यातला जो सर्वांत अशक्त, तो गाडीची खरी ताकद ठरवतो.

टॉर्क हा शब्द ऐकून आमच्या भगिनींनी पान उलटू नये. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. चाकाचा नट सोडवताना मीटरभर लांब पाना लावला आणि त्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले, की साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क होतो. हॉर्सपॉवर वेगळी. तोच पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी दिला, ते हॉर्सपॉवर सांगते. जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात छापतात, पण दाते मोडतात आणि क्लच घसरतो तो टॉर्कने.

आता भाच्याच्या गाडीची गंमत पाहा. तिच्यात सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे. कंपनीच्या भाषेत डीक्यू200. याचे दोन्ही क्लच कोरडे असतात आणि त्याची क्षमता 250 न्यूटन-मीटर ठरवलेली आहे. गाडीच्या माहितीपत्रकातही इंजिनचा टॉर्क नेमका 250 च आहे. हा योगायोग नव्हे. त्याच घराण्यातले 1.8 इंजिन ऑडी ए4 मध्ये वेगळ्या गिअरबॉक्सबरोबर 320 न्यूटन-मीटर देत होते. म्हणजे इंजिनच्या अंगात जोर होता. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच तो गिअरबॉक्सकडे पाहून आवरून धरला. 2017 मध्ये ऑक्टाव्हियाची आरएस 230 ही जलद आवृत्ती भारतात आली, तेव्हा 350 न्यूटन-मीटर टॉर्कसाठी कंपनीने दुसरा गिअरबॉक्स दिला. सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. 2020 मध्ये 245 हॉर्सपॉवरची आरएस आली. तिच्या 370 न्यूटन-मीटरसाठी पुन्हा गिअरबॉक्स बदलला. इंजिनचा जोर वाढवला की मागचे बदलावे लागते, हे कारखान्याला कळते. ते आपल्या मुलांनाही कळायला हरकत नाही.

भाच्याने लगेच अडवले. "मामा, मग 251 झाले की तुटणार का?"

नाही तुटणार, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कंपनीचा आकडा म्हणजे मोडण्याची रेघ नव्हे. उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, कोणाच्याही पायाखाली, वर्षानुवर्षे गाडी चालली तरी गिअरबॉक्स टिकावा, असा हिशेब करून तो आकडा दिलेला असतो. म्हणून साडेतीनशेवर नेलेल्या गाड्याही चालताना दिसतात. पण जो जोर जास्त घेतो तो आयुष्यातून घेतो. किती आयुष्य गेले ते मीटरवर दिसत नाही.

मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा पीळ चाकांपर्यंत पोचेतो पंधरा-सोळा पट होतो. 250 चे जवळजवळ 3,800 ते 4,000 झाले. गाडीच्या पुढच्या चाकांवर साडेआठशे किलोंच्या आसपास वजन असते. कोरड्या रस्त्यावर टायरची चांगली पकड धरली, तर दोन्ही टायर मिळून फार तर 2,400 न्यूटन-मीटर घेतील. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर टायर आधी घसरणार. इथे टायर घरातल्या फ्यूजसारखा वागतो, स्वतः सुटतो आणि पुढच्यांना वाचवतो. पण तिसऱ्या गिअरमध्ये हाच गुणाकार सहा-सात पटच उरतो. 350 चे झाले सव्वादोन हजार. आता टायर घसरत नाही, फ्यूज उडत नाही, आणि सगळा भार क्लचवर जातो. रिमॅप केलेल्या गाडीचा क्लच बहुधा वरच्या गिअरमध्ये घसरू लागतो, तो यामुळे. मित्सुबिशीची लान्सर एव्हो 10 भारतात 2010 मध्ये आली होती. तिची चारही चाके ओढतात, म्हणून टायर सहज सुटत नाहीत. अशा गाडीत झटक्याने सुरुवात केली तर सगळा मार आतल्या भागांनाच खावा लागतो.

झटका ही चीजच वेगळी. पावसाळ्यात चिखलात रुतलेली बस मला आठवते. इंजिनची हॉर्सपॉवर भाच्याच्या गाडीपेक्षा कमी. ड्रायव्हरने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लचवरचा पाय एकदम सोडला आणि मागच्या चाकाचा शाफ्ट ऊस मोडावा तसा मोडला. इंजिनला त्या दिवशी काहीच झाले नाही. जोर तेवढाच, पण तो हळूहळू दिला असता तर त्याच शाफ्टने बस बाहेर काढली असती.

दुसरा शत्रू उष्णता. सुरीला धार लावताना सहाणेवर पाणी सोडतात, कारण घासले की तापते. तेलातल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्या क्लचला तेवढा आधार नाही. कळंबोली सर्कलला संध्याकाळी अर्धा तास इंचाइंचाने सरकून पाहा, क्लच सतत अर्धा धरलेला, अर्धा सुटलेला असतो. तो तापतो तो तिथे, एक्स्प्रेस वेवर नव्हे. म्हणून आमच्या पनवेलमध्ये गाडी किती जोर सोसेल याचे उत्तर परदेशातल्या मोकळ्या रस्त्यावरचे असून चालत नाही.

जोड किती सोसतो हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. बोरघाटातून रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली. चढ 37 ला 1. कर्जतला अनेक गाड्यांना आजही मागून बँकर इंजिने लावतात. मला लहानपणी कोडे पडे, की ही इंजिने पुढे का लावत नाहीत? वर्कशॉपमध्ये आल्यावर उमगले. सगळी इंजिने पुढून ओढू लागली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण येईल. मागून ढकलले की तो वाटला जातो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी इंजिनची ताकद मोजली, तशी कपलिंगचीही मोजली होती.

हे ऐकून भाचा गप्प झाला नाही, हे मला आवडले. त्याने विचारले, "मग गिअरबॉक्स न दुखवता काहीच वाढवता येणार नाही का?"

येईल, आणि माझ्या मते शहाणा मार्ग हाच. टॉर्क 250 लाच बांधून ठेवायचा, पण तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायचा. या गाडीत तो पाच हजारांनंतर उतरू लागतो. हिशेबाने तोच 250 न्यूटन-मीटर साडेसहा हजार आरपीएमला मिळाला तर 230 हॉर्सपॉवर होते. आकडा भाच्याला हवा तोच, पण दात्यांवर पीळ मात्र कारखान्याचाच. खालच्या आरपीएमला टर्बो एकदम धक्का देतो, तो या पद्धतीत वाढत नाही. मजा थोडी कमी वाटेल, कारण पाठीला सीटचा दणका बसतो तो टॉर्कचा. पण रिमॅप करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: टॉर्क कुठे बांधणार? त्याने हॉर्सपॉवरचेच गुणगान सुरू केले तर उठून यावे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 म्हणते की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. आणि एक्स्प्रेस वेवर ताशी 100 च्या वर जायचे नाही, वर कॅमेरे लावलेले आहेत. ताईला मी हे सारे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "भाऊ, ब्रेक तेवढेच राहणार ना?" तिने गाडी कधी चालवलेली नाही.

तूर्त ठरले आहे ते असे. आधी ब्रेक पॅड आणि टायर नवे, गिअरबॉक्सची तपासणी, आणि रिमॅप हप्ते संपल्यावर. तोपर्यंत एक परीक्षा त्याला शिकवली आहे, ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनीही करून पाहावी. खंडाळ्याच्या चढावर, वेगमर्यादेत राहून, मॅन्युअल मोडमध्ये चौथा किंवा पाचवा गिअर ठेवावा आणि अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबत जावा. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा बरोबर चढले तर क्लच धरून आहे. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरू लागला आहे. तेव्हा पाय काढावा आणि गाडी सरळ गॅरेजला न्यावी.