इटलीचा बेत आणि बाबूजींचे दिशापरिमाण

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि त्या रात्री आमच्या घरात प्रथमच इटलीचे नाव निघाले. थोरली यंदा बारावीला आहे. परीक्षा झाली की पुढील शिक्षणासाठी ती घर सोडणार. त्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्वांनी मिळून एकदा दूरचा प्रवास करावा, ही तिची इच्छा. इतिहासाच्या पुस्तकातून तिच्या मनात रोम आणि फ्लॉरेन्स घर करून राहिले होते. दुकान सोडून चार दिवसांवर कधी कुठे न गेलेल्या यजमानांनीही मान डोलावली. प्रश्न उरला तो बाबूजींचा.

माझे सासरे, म्हणजे बाबूजी, यंदा शहात्तर वर्षांचे झाले. सासूबाई जाऊन चार वर्षे झाली. तेव्हापासून सायंकाळचे भोजन ते आमच्याबरोबरच, सूर्यास्तापूर्वी, थोडे लवकरच आटोपतात. त्यांना घरी ठेवून आपण बाहेरदेशी जायचे, ही कल्पनाच मला सहन होईना. मी मोठ्या उत्साहाने त्यांचेही नाव यादीत घातले. त्यांनी सुपारीची डबी बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही सर्व जण अवश्य जा. मला येता येणार नाही. माझे दिशापरिमाण आहे."

श्रावकाच्या बारा व्रतांतील हे सहावे व्रत आपण प्रतिक्रमणात नित्य ऐकतो. पण घरातील एखादा प्रवास त्याच्यावर येऊन थांबेल, असे मनात आले नव्हते. वीस वर्षांपूर्वीच्या एका चातुर्मासात बाबूजींनी बारा व्रते अंगीकारली, तेव्हा चारही दिशांना प्रत्येकी २००० किलोमीटर अशी मर्यादा त्यांनी लिहून ठेवली होती. मुंबईहून रोम ६००० किलोमीटरांहूनही थोडे दूरच.

आमचा धाकटा सातवीत आहे. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा, हिशेबात पक्का. त्याने क्षणभर विचार करून तोडगा काढला. "दादाजी, पूर्वेचे दोन हजार, उत्तरेचे दोन हजार आणि दक्षिणेचे दोन हजार तुम्ही वापरतच नाही. ते पश्चिमेला जोडा. आठ हजार होतात. रोम येऊन वर शिल्लकही उरते!"

बाबूजी इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "अरे, याच हिशेबाला आपल्या शास्त्रात नाव आहे. क्षेत्रवृद्धी. या व्रताचा चौथा अतिचार! तुझ्यासारखे हुशार नातू पूर्वीही होऊन गेले असले पाहिजेत."

मी मात्र हसण्यावर नेऊ शकले नाही. दोन दिवसांनी दुपारी त्यांना एकटे पाहून विचारले, "बाबूजी, व्रत घेताना काही आगार ठेवला असेल ना?"

"ठेवला आहे," ते म्हणाले. "औषधोपचारासाठी आणि धर्मकार्यासाठी. हौसेसाठी नाही."

त्या उत्तरात कठोरपणा नव्हता. पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. मी त्यांच्या सोयीसाठी नव्हे, तर माझ्या मनाची टोचणी जावी म्हणून आगार शोधत होते. ते सोबत आले असते तर त्यांना एकटे सोडल्याचा दोष मला लागला नसता, एवढाच माझा स्वार्थ. त्यानंतर मी त्यांना पुन्हा आग्रह केला नाही. त्याऐवजी, प्रवासाचा बेत त्यांच्यासमोर बसून आखायचा, असे ठरवले.

पहिला प्रश्न तारखांचा. आमचे कापडाचे दुकान. अक्षय्य तृतीयेपासून लग्नसराई ऐन भरात. त्याच दिवशी वर्षीतपाची पारणी, त्यांचे देणे-घेणे. म्हणजे मे महिना दुकानाचा. जूनच्या मध्यावर धाकट्याची शाळा उघडते आणि पुढे चातुर्मास लागतो. मधली जागा उरते जूनचे पहिले दोन आठवडे. २ जूनला इटलीचा प्रजासत्ताक दिन असतो. १९४६ साली याच दिवशी तेथील लोकांनी सार्वमताने राजेशाही नाकारली. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अनोळखी शहरात उतरू नये, म्हणून प्रस्थान ३ जूनला आणि परत १४ जूनला, असे ठरले. शेंगेन व्हिसासाठी प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. त्यासाठी मुक्कामांची आरक्षणे, बँकेचे उतारे आणि किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा लागतो. यजमान म्हणाले, बँकेच्या कर्जालाही इतकी कागदपत्रे लागली नव्हती.

दुसरा प्रश्न, सहल कंपनीबरोबर जायचे की स्वतःच्या बळावर. जैन भोजनाची सोय करणाऱ्या सहली आता पुष्कळ निघतात, त्यांचे स्वयंपाकी बरोबर असतात. ज्येष्ठांना ती मोठीच सोय आहे. परंतु आम्ही पाहिलेल्या पत्रकात दहा दिवसांत अकरा ठिकाणे होती. थोरलीची स्वतःची यादीही काही लहान नव्हती: रोम, नेपल्स, पाँपेई, फ्लॉरेन्स, पिसा, मिलान, व्हेनिस आणि वर कोमोचे सरोवर.

बाबूजींनी ती यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "आधी कुठे जायचे नाही ते लिही. माल भरताना आम्ही तेच करतो. सगळेच चांगले दिसते. दुकान तेवढेच असते."

नेपल्स, पाँपेई, मिलान आणि कोमो यांवर रेघ पडली. थोरली दोन दिवस हिरमुसली होती. नंतर तिनेच दाखवून दिले, की उरलेली ठिकाणे एका रेल्वेमार्गावर नीट ओवली जातात. रोमहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स दीड तासात, तेथून व्हेनिस दोन तासांच्या थोडे पुढे. पिसा फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. तीन मुक्काम, तीन बिछाने. रोज पेटी बांधण्याची दगदग नाही.

तिसरा प्रश्न आहाराचा, आणि तो मी माझ्याकडे घेतला. प्रथम आनंदाची गोष्ट कळली. जूनमध्ये तेथे दिवस पंधरा तासांचा असतो. रोम आणि फ्लॉरेन्सला सूर्य मावळतो पावणेनऊच्या आसपास, व्हेनिसला जवळजवळ नऊला. भोजनालये सायंकाळी सात-साडेसातला उघडतात. म्हणजे आपल्याकडे दुकानातून धावत येऊन चौविहार साधणाऱ्या यजमानांना तेथे निवांत बसून तो साधता येईल.

पुढे मात्र एकेक अडचण उलगडत गेली. तेथील पुष्कळशा रश्शांचा आरंभच कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात परतण्याने होतो. त्याला सोफ्रीत्तो म्हणतात. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. सुका पास्ता सामान्यतः केवळ गव्हाचा रवा आणि पाणी यांचा. न्योक्की म्हणजे बटाट्याचे गोळे. पानाकोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन. भाकरीसारख्या पियादीनात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. आणि सर्वांत दडलेली गोष्ट चीजची. पार्मेझान म्हणून जे जगभर ओळखले जाते, त्या पार्मिजानो रेज्जानोच्या नियमांतच वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरण्याचे बंधन आहे. ते वरून नुसते भुरभुरले असले, तरी तो पदार्थ आपल्यासाठी निरामिष राहत नाही. मुलांनी आजवर किती वेळा ते अजाणता खाल्ले असेल, या विचाराने मी त्या रात्री झोपू शकले नाही. बाबूजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अजाणता झाले त्याची आलोचना करावी. जाणून घेतले, हे तर चांगलेच झाले."

मग मी चार शब्द पाठ केले. सेन्झा म्हणजे विना. चिपोल्ला कांदा, आल्यो लसूण, उओवा अंडी. शिवाय रेनेटविषयीचा प्रश्न इटालियनमध्ये एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवला आहे. मुक्कामासाठी हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेल्या सदनिका घेतल्या. बाहेरच्या देशातून युरोपात दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप आणि माव्याची मिठाई घरीच राहील; खाखरे, मूगडाळ, तांदूळ, मसाले आणि एक लहान कुकर येईल. शोधता शोधता एक अनपेक्षित ओळखही झाली. पिसाकडे चण्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावरच भट्टीत भाजलेला एक पातळ पदार्थ मिळतो, नाव चेचीना. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ही दूरची बहीणच म्हणायची. पिसाचे नाव यादीत टिकले, त्यात कलत्या मनोऱ्याइतकाच चेचीनाचाही वाटा आहे.

हे सर्व मी बाबूजींना दुपारी वाचून दाखवीत असे. ते ऐकत, मध्येच प्रश्न विचारत. पाहता पाहता त्या प्रवासाविषयी सर्वाधिक कुतूहल, जो जाणारच नाही त्या माणसाला वाटू लागले. कॉलोसियमविषयी वाचताना, इसवी सन ८० मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या खेळांत सुमारे ९,००० प्राणी मारले गेल्याची प्राचीन इतिहासकाराची नोंद आली. बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलांना म्हणाले, "पाहून या. पण तेथे उभे राहून एक नवकार म्हणा."

एके दिवशी मी त्यांना प्रातो नावाच्या गावाविषयी वाचून दाखवले. फ्लॉरेन्सपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. हे गाव शतकानुशतके कापडाचे. तेथे फ्रान्चेस्को दातिनी नावाचा व्यापारी होऊन गेला. १३४८च्या प्लेगात आईवडील गेले. पोरगा अव्हिन्योला जाऊन व्यापारात शिरला आणि पुढे पिसा, जिनोआ, बार्सेलोना अशा पेढ्या उघडत गेला. वहीच्या आरंभी तो देवाचे आणि नफ्याचे नाव एकत्र लिही. हे ऐकताच बाबूजींनी दिवाळीत पुजलेल्या वहीकडे बोट दाखवले. शुभ-लाभ! त्याने शस्त्रेही विकली, तेव्हा त्यांनी मान हलवून नापसंती दर्शवली. तो व्यवहार श्रावकाला वर्ज्य. पण शेवट ऐकून ते सावरून बसले. पत्नीपासून अपत्य नसलेल्या त्या माणसाने १४१० साली मृत्यूसमयी सुमारे ७०,००० सुवर्णनाण्यांची आपली संपत्ती गावातील गरिबांसाठी ठेवली. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आजही प्रातोतील त्याच्याच वाड्यात जतन केलेली आहेत.

"हा वाडा मुलांना दाखवा," बाबूजी म्हणाले. "मिळवणे सर्वांना दिसते. सोडणे कुठे दिसते?"

त्यावर मी असिसीची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकाच्या अखेरीस तेथील एका संपन्न कापडव्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिसचा जन्म झाला. तरुणपणी त्याने मोडकळीस आलेल्या चर्चसाठी वडिलांच्या दुकानातले कापड विकले. वडिलांनी त्याला धर्मगुरूंपुढे उभे केले. तेव्हा त्याने अंगावरचे कपडे उतरवून वडिलांच्या स्वाधीन केले आणि पुढचे सारे आयुष्य अकिंचन राहून घालवले. पक्ष्यांना उपदेश करणारा तो संत याच कारणाने जगाला ठाऊक आहे. असिसीच्या चर्चमधील भित्तिचित्रांत हे दोन्ही प्रसंग रंगवलेले आहेत.

मला वाटले, बाबूजी त्यागाविषयी काही बोलतील. त्यांनी विचारले ते निराळेच. "आपल्याकडे आईवडिलांच्या आज्ञेवाचून दीक्षा होत नाही. त्या बापाने आज्ञा दिली नव्हती. मुलगा गेल्यावर तो दुकानात कसा बसला असेल?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खोलीत थोरली अभ्यास करत होती. तिनेही मान वर केली. पुढच्या वर्षी ती जाणार आहे, ते शिकण्यासाठी. तरी जाणे ते जाणेच. आम्ही तिला आज्ञा देणार आहोत, आनंदाने देणार आहोत. तरीही तिच्या रिकाम्या टेबलासमोर बसायला मलाही शिकावे लागणार आहे. बाबूजी आम्हाला निरोप देत आहेत तेही तसेच काही आहे, हे मला तेव्हा दिसले. असिसीचे नाव त्या रात्री यादीत चढले आणि त्यासाठी व्हेनिसचा एक दिवस कमी झाला. या वेळी कोणी हिरमुसले नाही.

आता तिकिटे झाली आहेत. ते बारा दिवस नणंदबाई माहेरी येऊन राहणार आहेत. बाबूजींचे पथ्य, पाणी, सामायिकाची वेळ सारे त्यांना ठाऊकच आहे. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. बाबूजी सात वाजून गेल्यावर प्रतिक्रमणाला बसतील, तेव्हा तेथे दुपारचे पावणेचार झालेले असतील. रोज त्याआधी एकदा दूरध्वनी करायचा, असे ठरले आहे. त्याहून अधिक करायचा नाही, अशी मर्यादा त्यांनीच घातली.

काल त्यांनी एका जुन्या कोऱ्या वहीत आमचा कार्यक्रम स्वतःच्या हाताने उतरवून घेतला. पहिल्या ओळीवर, रोमच्याही आधी, त्यांनी लिहिले: १४ जून, घरी परत. त्याखाली दिवसवार गावांची नावे आणि प्रत्येक गावासमोर सूर्यास्ताची वेळ. प्रातो आणि असिसीपुढे लाल शाईची खूण आहे. या व्रताचा पाचवा अतिचार म्हणजे आपण आखलेल्या मर्यादेचे विस्मरण. तो आमच्याकडून होऊ नये, म्हणून ती वही आता देवघराशेजारच्या फळीवर ठेवली आहे. बाबूजी रोज सकाळी ती उघडून पाहतात.