बाजू पालटताना

साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. साडेतीन मिनिटांच्या हिशेबानं त्यात आठ गाणी बसतात. नववं घालायचा मोह झाला की ते अंतऱ्यातच तुटतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी मिळत, पण त्यांची फीत पातळ. ती टेपच्या रोलरला गुंडाळली गेली की पेन्सिल घालून उलगडत बसा. म्हणून आमच्याकडे साठच. माझ्या आवडीनिवडीला जी काही शिस्त लागली, ती या तीस मिनिटांनी लावली.

मिरजेत तेव्हा कॅसेटी भरून देणारी दुकानं होती. कोरी कॅसेट आणि फुलस्केपवर लिहिलेली यादी द्यायची. दुकानदार आपल्या तबकड्यांवरून गाणी उतरवून देई. हा सगळा व्यवहार कायद्याबाहेरचाच. १९८४ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यातल्या शिक्षा वाढल्या, पण त्याची खबर त्या काउंटरपर्यंत पोचल्याचं काही दिसलं नाही. आमचा दुकानदार गाणी यादीतली घेई, क्रम मात्र स्वतःचा लावी. दोन संथ गाणी लागोपाठ आली की त्याला सोसत नसे. मध्ये एखादं उडतं गाणं, न मागितलेलं, घुसवून देई. मी चिडायची. बाबा म्हणायचे, "त्याचं बरोबर आहे गं. एक बडा ख्याल झाल्यावर लगेच दुसरा बडा ख्याल कोण गातं?"

बाबांना तो अधिकार होता. अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात होणाऱ्या गाण्याला बाबा रात्र रात्र बसत. सकाळी घरात रेडिओ सिलोन. तिथला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम सैगलच्या गाण्यानं संपायचा. ते संपलं की आठ वाजले, हे घड्याळ न बघताच सगळ्यांना कळे. शेवटी भैरवी का, हे कुणी सांगावं लागत नाही. तिच्या आधी काय, हे मात्र ठरवावं लागतं, आणि खरी डोकेफोड तिथेच आहे.

लग्न होऊन बंगळूरला आले ती थेट बनशंकरीत, सेकंड स्टेजला. राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला बायका देवीच्या देवळाकडे निघत, त्याचंही मला अप्रूप वाटे. यांनी दोन खणांचा टेप घेतला आणि दुकानदाराची सत्ता संपली. एका खणात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, पॉजवर बोट तयार ठेवायचं. फितीच्या सुरुवातीला थोडा नुसता पट्टा असतो, त्यावर काहीच उमटत नाही. तो आधी फिरवून पुढे न्यायचा, नाहीतर पहिल्या गाण्याचं तोंड गिळलं जातं. दोन गाण्यांमध्ये किती थांबायचं, हा माझा खास शौक. गझलेनंतर चार-पाच सेकंद, लावणीआधी एकही नाही. बाजूच्या शेवटी दोन-तीन मिनिटं उरत, तिथे ७८च्या तबकड्यांवरचं जुनं गाणं कामी येई. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे मोठमोठ्या गवयांनी आपला पसारा तेवढ्यात आवरलेला असायचा. सगळं मनासारखं झालं की कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणी काही भरणार नाही. माझ्या भाचरांनी तिथे सेलोटेप चिकटवून क्रिकेटची कॉमेंट्री भरली, ती गोष्ट वेगळी.

खाली घरमालकीण अज्जी राहायच्या. एकदा बाबांनी पाठवलेल्या कॅसेटवर खाँसाहेबांनी गायलेली त्यागराजांची खरहरप्रियेतली कृती लागली होती. अज्जी जिना चढून आल्या. "यारु हाडिद्दु?" मिरजेचे मुसलमान उस्ताद, असं सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. तेलुगू उच्चारांना त्यांनी नाक मुरडलं, स्वरांना नाही. पुन्हा लावायला सांगितली आणि संध्याकाळी दासांच्या पदांच्या कॅसेटी आणून माझ्यापुढे ठेवल्या.

त्यातून माझी सगळ्यात चांगली कॅसेट झाली. पहिली बाजू मराठी, दुसरी कन्नड. दोन बाजू जोडायच्या कशा, हे बरेच दिवस सुचत नव्हतं, आणि उत्तर तर समोरच होतं. भीमसेन जोशी गदगचे. पुण्यात राहून त्यांनी अभंग गायले आणि पुरंदरदासांची पदंही गायली. पहिली बाजू त्यांच्या अभंगानं संपवली, दुसरी त्यांच्याच पदानं सुरू केली. कॅसेट पालटायची, गळा तोच, भाषा पालटलेली. इथल्या लग्नांत लक्ष्मीला घरी बोलावणारं ते पद हमखास लागतं. ते सुरू व्हायच्या आधी मला अभंगातले टाळ ऐकू येतात आणि बटण सुटल्याचा 'खट्'ही.

पुढचं पटापट झालं. सीडीवर ऐंशी मिनिटं मावत, पण तिला पालटायची बाजूच नाही. एमपीथ्री आल्यावर दीडशे गाणी एका तबकडीत कोंबता येऊ लागली. ती निवड नव्हे, बदलीच्या वेळी सामान बांधतात तसलं काम. २००१ साली देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र याच शहरात सुरू झालं, मग स्वयंपाकघरात दिवसभर तेच. २०१७ साली पाच हजार गाणी भरलेलं कारवां बाजारात आलं. मलाही भेट मिळालं. रोज ऐकते, तक्रार काहीच नाही. फक्त दुसऱ्यानं भरलेलं आहे.

मध्यंतरी सून म्हणाली, "अत्ते, मेट्रोत ऐकायला मला यादी करून द्या ना." ती कामाला मॅजेस्टिकला जाते. बनशंकरीहून ग्रीन लाइननं वीसेक मिनिटं, म्हणजे पुन्हा एक बाजू मिळाली, तीही थोडी आखूड. जयनगर, लालबाग इथवर गाडी उंचावरून जाते, तिथे हलकंफुलकं काहीही चालेल. नॅशनल कॉलेज सुटलं की ती जमिनीखाली शिरते. तिथे वाद्यांचा गलबला नको, एकटा गळा हवा, यावर आमचं दोघींचं एकमत आहे. कुणाचा, यावर नाही. मी माणिक वर्मा म्हणते, ती बालमुरळीकृष्ण. शिवाय मॅजेस्टिक म्हणजे सिनेमाचं गाव, तेव्हा शेवटी राजकुमार हवेतच, असा तिचा हट्ट, आणि तोही १९७४ नंतर ते स्वतः गाऊ लागले तेव्हाचा आवाज. राजकुमारांना माझी हरकत नाही. पण ते सुरुवातीला घे, असं मी तिला सांगते आहे. मॅजेस्टिकला दारं उघडल्यावर त्या रेटारेटीत कुणाचंच गाणं ऐकू येत नाही.