बाबांचं ऑब्जेक्शन

आमच्या घरात भाव करण्याचं खातं आईकडे आहे. बाड्यावर साडी घ्यायची असो की हातरुमाल, आई सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करते. तेवढा वेळ बाबा दहा पावलं दूर उभे राहून पोस्ट ऑफिसच्या इमारतीकडे बघत असतात, जणू या बाईंशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांची सगळी नोकरी एजी ऑफिसात, ऑडिटमध्ये गेली. सरकारी खात्यांचे हिशोब त्यांनी दोन-दोन रुपयांसाठी परत पाठवले, पण दुकानदाराने मागितलेली रक्कम मात्र कधी कमी करून मागितली नाही. "त्यालाही पोट आहे," एवढंच म्हणायचे.

आमची जुनी गाडी डिसेंबर २००९ ची. डिसेंबर २०२४ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली. फिटनेस करून नोंदणी वाढवता आली असती, पण आईचे गुडघे आता त्या खोल सीटवरून उठू देत नव्हते. जरा उंच बसायची सोय असलेली, चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी घ्यायची ठरली. गाडी आईच्या नावावर आणि पैसे बाबांच्या एफडीचे. मी देतो म्हटलं तर बाबा म्हणाले, "तुझे तू मुलीसाठी ठेव." त्यामुळे मी घासाघीस करणार होतो ती दुसऱ्याच्या पैशांची होती, आणि तो दुसरा माणूस घासाघीस करण्याच्या विरोधात होता.

ग्वाल्हेरात जानेवारीत गाडी घ्यायची म्हणजे मेल्यातूनच. (पुण्याच्या मावशीला मी एकदा फोनवर "आम्ही सगळे मेल्यात गेलो होतो" म्हणालो, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. तेव्हापासून तिच्याशी बोलताना मेळा म्हणतो.) माधवराव महाराजांनी १९०५ साली गुराढोरांचा बाजार म्हणून सुरू केलेला हा मेळा आता निम्मा तरी मोटारींचा झाला आहे. कारण उघड आहे. गेली काही वर्षं मेळ्यात घेतलेल्या आणि ग्वाल्हेरला नोंदवलेल्या गाडीला राज्य सरकार रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट देतं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला टॅक्स ८ टक्के, म्हणजे मेळ्यात ४. आम्हाला हवी होती ती गाडी ८ लाख ४० हजारांची. तिचा टॅक्स ६७,२०० वरून ३३,६०० वर येणार होता. सुटीचा आदेश निघेपर्यंत सगळं गाव बुकिंग करून थांबतं, आणि आदेश निघाला की फुलबागेपासून मेळ्याच्या फाटकापर्यंत रांग लागते.

एवढ्यात दौलतगंजच्या काकांचा बाबांना फोन आला. काका म्हणजे आपल्या मंडळातले, गणपतीत ज्यांच्या हातची आरतीची थाळी अजून कुणी घेऊ शकलेलं नाही ते. त्यांचा भाचा एका शोरूममध्ये कामाला लागला होता, मेळ्यातल्या त्यांच्या मांडवात बसत होता. बाबांनी जागच्या जागी सांगून टाकलं, "अहो, मग दुसरीकडे जायचा प्रश्नच नाही." फोन ठेवून मला म्हणाले, "झालं काम. आपलाच मुलगा आहे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपल्या मुलाशी भाव कसा करणार?"

हीच तर अडचण होती.

मी डिसेंबरात दुसऱ्या एका शोरूममध्ये जाऊन आलो होतो. तिथे वर्षाअखेरची म्हणून ३५ हजारांची सूट होती, टॅक्स मात्र पूर्ण. आता भाच्याने मेळ्यातलं कोटेशन दिलं, त्यात टॅक्स निम्मा आणि सूट १५ हजार. म्हणजे सरकारने आम्हाला ३३,६०० दिले आणि त्यातले २० हजार मांडवातच कुणीतरी काढून घेतले. शोरूमचंही बरोबरच आहे म्हणा, गिऱ्हाईक टॅक्ससाठी येणारच आहे, तर त्याला ओढायला आणखी पैसे कशाला घालायचे? पण फलकावर "मेला महाबचत" लिहिलं होतं, ती बचत बरीचशी त्यांचीच होती.

बाकीचं कोटेशन असं होतं: आरटीओ व इतर ४५,५००, इन्शुरन्स ४८,२००, ॲक्सेसरीज २१,५००, हँडलिंग ७,५००, वाढीव वॉरंटी १४,८००, फास्टॅग ६००. सूट वजा जाऊन ९,६३,१००. मी रात्री बसून एक्सेल केलं, त्याच गाडीचा तोच विमा बाहेर किती पडतो ते पाहिलं, तर ३४ हजारांच्या आत मिळत होता. सकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणाले आणि कागद परत दिला.

"बाबा, इन्शुरन्समध्येच चौदा हजार जास्त आहेत."

"असतील. काकांना मी शब्द दिलाय. चौदा हजारांसाठी त्या पोराशी हुज्जत घालू? संक्रांतीचं हळदीकुंकू अजून चाललंय, आई काकूंना काय तोंड दाखवेल?"

भीड भिकेची बहीण, असं आजी म्हणायची. मी ते मोठ्याने म्हटलं नाही. पण बाबा उठून गेले तेव्हा मला दिसलं की कागदावर "हँडलिंग" आणि "इतर" या दोन शब्दांपुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्हं काढली आहेत. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं, हाताची सवय.

मी त्यांच्या मागे अंगणात गेलो. म्हटलं, "बाबा, भाव करू नका. तुम्ही फक्त ऑब्जेक्शन काढा."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्हाउचर तर मागायलाच हवं."

महिना संपायला तीन दिवस होते, तो दिवस मी मुद्दाम निवडला. महिन्याचं टार्गेट सगळ्यांच्या डोक्यावर असतं. दुपारी, गर्दीच्या आधी गेलो. भाच्याने उठून बाबांना वाकून नमस्कार केला, चहा मागवला, आईला खुर्ची दिली. इतका चांगला मुलगा की माझीच जीभ अडखळू लागली. बाबांनी कागद उलगडला, खिशातून पेन्सिल काढली आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळा, हे हँडलिंग कशाचं?"

"काका, ते गाडी यार्डातून आणणं, धुणं..."

"गाडीच्या किमतीत ते धरलेलं नसतं का? मग याची वेगळी पावती मिळेल?"

मुलाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर आले, कोट, टाय, गळ्यात मेळ्याचा पास. "अंकल, ये तो सबसे लेते हैं."

"तो फिर रसीद भी सबको देते होंगे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीही टोचणारं नव्हतं, ते खरंच पावतीच विचारत होते. कित्येक एक्झिक्युटिव्ह इंजिनियर या आवाजापुढे बसले असतील, असं मला वाटून गेलं.

हँडलिंग गेलं. मग "इतर". टॅक्स ३३,६००, नोंदणी फी अमुक, कार्ड तमुक, एकेक आकडा बाबांनी लिहून घेतला. बेरीज पावतीप्रमाणे ३८ हजारांवर आली. साडेसात हजार कुठे राहत होते ते मॅनेजरनाही सांगता येईना.

इन्शुरन्सला मात्र ते अडले. म्हणाले, बाहेरून घेतलात तर सूट मिळणार नाही. इथे मी तोंड उघडलं. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचं, शोरूमला सक्ती करता येत नाही. शिवाय १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १०,६४० रुपये ठरलेलाच आहे, कुठेही घ्या. म्हणजे सगळा फरक उरलेल्या भागात, आणि तो शोरूमच्या हातात. "बाहेरचा आकडा हा, तुम्ही जवळपास आलात तर तुमच्याकडूनच घेतो." क्लेमच्या वेळी शोरूमचा विमा सोयीचा पडतो हे खरं आहे, त्यामुळे दोन-अडीच हजार जास्त द्यायला मी तयार होतो. ३६,५०० वर जमलं.

मग चेसिस नंबर मागितला. त्यात गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष दडलेलं असतं, आणि फॉर्म २२ वर तर सरळ लिहिलेलंच असतं. आमची गाडी ऑक्टोबर २०२४ ची निघाली. जानेवारीत ती विकणं म्हणजे कागदावर एक वर्ष जुनी गाडी विकणं. मी म्हटलं, एक तर २०२५ ची द्या, नाहीतर डिसेंबरची सूट परत द्या. मॅनेजर आत जाऊन आले, पुन्हा आत जाऊन आले (आत काय असतं कोण जाणे, मला वाटतं नुसता पंखा असतो), आणि एकूण सूट ४० हजारांवर आली. आम्ही २०२४ चीच घेतली. ज्या घरात गाडी पंधरा वर्षं राहते त्या घराला विकतानाच्या किमतीचं काय?

ॲक्सेसरीजच्या यादीवर आईने झडप घातली. क्रोमच्या पट्ट्या, उशा, सुगंधाची डबी, सगळं खोडून मॅट आणि मडफ्लॅप ठेवले. ५,२००.

हे सगळं चाललं असताना भाचा गप्प होता. नंतर आई-बाबा पापडाच्या दुकानाकडे गेले आणि मी सॉफ्टी घेत होतो (कडाक्याच्या थंडीत सॉफ्टी खाणं हा आमच्या मेळ्याचा नेम आहे), तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला.

"दादा, तुम्ही बरोबरच केलंत. पण गाडीवर आम्हाला फार नसतं. इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, वॉरंटी, त्यावरच माझं इन्सेंटिव्ह लागतं. या महिन्यात दोन कमी पडतायत." तक्रार नव्हती. उलट तो म्हणाला, "मी स्वतः तुम्हाला सांगू शकत नव्हतो ना, कॅमेरे आहेत वर."

मला ती सॉफ्टी जड गेली. हँडलिंगचे पैसे मालकाचे होते, ते सोडायला मला काही वाटलं नव्हतं. पण इन्शुरन्सच्या फरकात थोडा हा मुलगाही होता, आणि तो माझ्या एक्सेलच्या कुठल्याही रकान्यात नव्हता.

घरी येताना मी बाबांना सांगितलं. वाढीव वॉरंटी नको असं माझं मत होतं, तिची मुदत कंपनीच्या वॉरंटीनंतर सुरू होते, तेव्हा बघता आलं असतं. बाबा म्हणाले, "ती राहू दे."

"पण बाबा, आत्ता घ्यायची काहीच गरज नाही."

"त्याचं व्हाउचर आहे ना? मग राहू दे."

एकूण ८,९५,१०० झाले. ६८ हजार कमी. वसंत पंचमीला गाडी घरी आली. त्याआधी यार्डात जाऊन चेसिस नंबर ताडून पाहिला, टायरांवरचे आकडे वाचले, किलोमीटर पाहिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुनी गाडी एक्सचेंजला न देता बाहेर विकली. ती गल्लीच्या वळणावरून गेली तेव्हा बाबा आत पेपर वाचत होते, पान उलटलं नाही.

रथसप्तमीआधी आई भीतभीतच काकूंकडे हळदीकुंकवाला गेली. काकूंनी वाण दिलं, तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, "आमचा पोरगा सांगत होता, तुमच्याकडचे फार बारीक हिशोबाचे आहेत हो." आई दोन दिवस या वाक्याचा अर्थ लावत होती. बाबांना त्यात लावण्यासारखं काही दिसलं नाही. ते खूश होते.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी कमी झाला. आमच्या प्रकारच्या गाडीवर २८ टक्के आणि वर १ टक्का सेस होता, ते सगळं १८ वर आलं. त्या सकाळी बाबांनी पेपराच्या कडेला आकडेमोड केली आणि काही न बोलता पेपर माझ्यासमोर सरकवला. ७१,६२८. आम्ही तिघांनी मिळून, तीन तास बसून, ६८ हजार सोडवले होते.

"मेल्याने नऊ महिने आधी सांगितलं असतं तर!" आई म्हणाली. हा मेला म्हणजे मेळा नव्हे.

दुपारी भाच्याचा मेसेज आला, दोन हात जोडलेले आणि खाली: दादा, गाड्या स्वस्त झाल्यात, कुणी घेणारं असेल तर सांगा. मी बाबांना वाचून दाखवला.

"मंडळाच्या ग्रुपवर टाक," ते म्हणाले. "आणि खाली लिही, पावती मागा म्हणावं."