बदलीच्या घरातला बंब

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरातली भांडी पोत्यात जायची, पुस्तकं पेट्यांत जायची, गाद्यांच्या वळकट्या बांधल्या जायच्या. बंब कशातच मावायचा नाही. तो ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढायचा, दोरखंडाने फळीला बांधला जायचा आणि नव्या गावी सगळ्यांत आधी उतरायचा. चूल मांडायच्या आधी तो अंगणात उभा राहायचा. धुळीने माखलेल्या पोरांना अंगावर घ्यायला कढत पाणी मिळालं की ती परक्या घरातही शांत निजतात, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

आमचे वडील, दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शहादा, धडगाव, तोरणमाळ, अक्कलकुवा अशी त्यांची नोकरी फिरली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला, कागदांवरचे शिक्के बदलले. बंब तोच राहिला. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या घाटात ट्रक वळणं घेऊ लागला की मागून त्याच्या कड्यांचा खणखणाट यायचा. आई म्हणायची, "आहे, जागेवर आहे."

अंगाने तो बुटका, घेराने मोठा, रंगाने तांबूस. तीन पायांवर ठाम उभा. दोन्ही अंगांना पितळी कड्या, समोर वरच्या बाजूला तोटी, मागे पाणी ओतायचं नरसाळं, डोक्यावर धुराड्याचं तोंड. दिवाळीआधी चिंच आणि राखेने घासला की त्याच्या पोटात आपला चेहरा दिसायचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालायची. घरातल्या कुणाच्याही आधी तो उठलेला असे, आणि सगळ्यांची आंघोळ झाल्यावरच निवत असे.

त्याचं सगळं कसब पोटात होतं. मधोमध तांब्याची एक जाड नळी तळापासून डोक्यापर्यंत सरळ गेलेली. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीभोवती पाणी. चुलीवरच्या हंड्याला आग लागते ती बुडाला. बरीचशी ऊब कडेने निसटून जाते. बंबात आगीला पाण्याने चहूबाजूंनी वेढलेलं असतं, त्यामुळे तिची ऊब पाण्याला चुकवून सहज जाऊ शकत नाही. त्यातून तांबं लोखंडाच्या जवळपास पाचपट उष्णता पुढे पोचवतं. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर धावते, तिच्या ओढीने जाळीखालून ताजी हवा आत शिरते आणि आग आपली आपण फुलते. एकदा पेटला की बंबाला फुंकणी लागत नाही. रशियातल्या समोवाराची रचनाही हीच.

नरसाळ्याची नळी आतून पार तळापर्यंत उतरलेली होती. ओतलेलं गार पाणी तळाशी जातं, तापलेलं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि वरच्या तोटीतून बाहेर पडतं. बादलीभर गरम हवं असेल तर बादलीभर गार आधी ओतायचं. आपली बादली भरून घेताना माणूस मागच्याच्या आंघोळीचं पाणीही चढवून जायचा. घरात भांडणं असली तरी हा नियम कुणी मोडला नाही.

त्या नियमामागे भक्कम कारण होतं. शहाद्याच्या बाजारात भांड्यांना डाग देणाऱ्या म्हाताऱ्या कासारबाबांनी ते आम्हाला समजावलं. बंबाचे सांधे कथलाने जोडलेले असतात. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि लाकडाच्या विस्तवाची धग सहज सहाशेच्या पुढे जाते. मग सांधा टिकतो कसा? सांध्यामागे पाणी असतं म्हणून. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि आलेली धग स्वतःवर घेतं. त्याला टेकलेला सांधाही त्याच्या आसपासच राहतो. पाणी संपलं आणि खाली आग राहिली, की काही मिनिटांत कथील ओघळतं. बाबांचा मंत्र एवढाच: "पहिले पाणी, मंग इस्तो." पेटवताना आधी पाणी बघायचं. रिकामा करताना आधी विस्तव काढायचा.

बंब बिघडला की आई त्याच्याकडे वैद्याने रोग्याकडे पाहावं तशी पाहायची. तिचे प्रश्न ठरलेले आणि ठरलेल्या क्रमाने: पाणी किती, सरपण कसलं, खालून वारा येतोय का, वरचं धुराडं मोकळं आहे का. तोरणमाळला पावसाळ्यात धूर वर न जाता जाळीखालून अंगणभर पसरायचा. लाकूड ओलं असलं तर त्याची धग स्वतःचं पाणी वाळवण्यातच खर्च होते, नळी तापत नाही आणि नळी तापल्याशिवाय ओढ लागत नाही. आई मग कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची एक मूठ पेटवून आधी नळी गरम करायची आणि मगच बाभळीचं लाकूड टाकायची. कधी सरपण कोरडं असूनही आग गुदमरायची. तेव्हा दोष राखेचा असे. जाळी खरवडली, राखेची थाळी रिकामी केली की आग पुन्हा बोलू लागे.

पाणी तापायला उशीर होऊ लागला तर दोन ठिकाणी बघायचं. एक म्हणजे नळीची आतली बाजू. तिथे काजळीचा थर बसला की धग तांब्यापर्यंत पोचत नाही. काठीच्या टोकाला काथ्या बांधून आम्ही महिन्याकाठी ती झाडायचो. दुसरी जागा म्हणजे पाण्याकडची बाजू. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापलेल्या तांब्यावर पांढरा थर धरतात. तसं झालं की बंब कुरकुरतो. पाणी उकळण्याच्या आधीच आतून टकटक आणि गुरगुर ऐकू येते, कारण क्षाराच्या थराखाली अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटत असतं. चिंचेचं कढत पाणी रात्रभर आत ठेवलं की थर सुटतो. मग मात्र चार वेळा खळखळून धुवायचं.

सगळ्यांत फसवा प्रकार गळतीचा. थंडीत पहाटे बंब पेटवला की थोड्या वेळात राखेत थेंब पडू लागतात आणि नवखा माणूस म्हणतो, बंब फुटला. तो फुटलेला नसतो. लाकूड जळताना वाफ निघते, गार तांब्यावर तिचं पाणी होऊन ते ठिबकतं. पाणी कोमट झालं की ठिबकणं आपोआप थांबतं. खरी गळती ओळखायची ती रात्री. आंघोळी झाल्यावर राखेची थाळी पुसून ठेवायची, बंब भरून ठेवायचा आणि सकाळी पेटवायच्या आधी थाळीला हात लावायचा. कोरडी असेल तर बंब धडधाकट. ओली असेल तर सांधा गेला. मग कासाराकडे जाण्यावाचून इलाज नाही.

माझा मावसभाऊ जर्मनीत राहतो. एका हिवाळ्यात तो बायकामुलांना घेऊन मोटारहोममधून फिरला. झोपायची जागा, स्वयंपाक, न्हाणी सगळं चाकांवर. त्याने त्यातली ऊब कशी चालते ते फोनवर सांगितलं आणि मला आमचा बंब दिसू लागला. तिथल्या ट्रुमा कंपनीच्या कॉम्बी हीटरमध्ये मधोमध ज्वाला असते आणि तिच्याभोवती १० लिटर पाण्याची टाकी. तीच ज्वाला पाणी तापवते आणि पंख्याने गाडीभर गरम हवाही पाठवते. ही ज्वाला बाहेरची हवा घेते आणि धूरही बाहेरच सोडते. गाडीत निजलेल्या माणसांच्या श्वासाशी तिचा संबंध येत नाही. पारा तीन अंशांच्या आसपास उतरला की एक झडप उघडते आणि टाकीतलं पाणी जमिनीवर सोडून देते, कारण गोठलेलं पाणी फुगून टाकी फोडतं.

त्यांचा हीटर एका रात्री पेटेना, तेव्हा शोध आईच्याच चार प्रश्नांनी घ्यावा लागला. टाकीत पाणी आहे का? गॅस कुठला आहे? ब्यूटेन शून्याच्या खाली वायू होत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत प्रोपेन लागतो. तो उणे ४२ पर्यंत साथ देतो. पंख्याला बॅटरीची वीज पुरते आहे का? आणि बाहेरच्या भिंतीवरचं धुराड्याचं तोंड बर्फाने किंवा पानांनी बुजलेलं तर नाही ना? तोंडावर बर्फच साचला होता. तो काढला आणि गाडी उबदार झाली.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि सातपुड्यातल्या डाबसारख्या गावांत कडाक्याच्या थंडीत दवही गोठतं. अशा रात्री बंब घरात ओढून घ्यावा आणि दार लावून निजावं असा मोह कुणालाही होईल. दादांनी तो मोह कधी चालू दिला नाही. बंबाचं धुराडं घराबाहेर काढलेलं नसतं. तो हवा खोलीतूनच घेतो आणि धूर खोलीतच सोडतो. बंद जागेत हवा अपुरी पडली की विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस झोपेतच संपतो. शेगडी घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये किंवा तंबूत निजणाऱ्यांना धोका याचाच, आणि बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावतात तीही यानेच. आमचा बंब सगळं आयुष्य उघड्या अंगणात जगला.

बंबाचं कौतुक मी आठवणीपोटी करत नाही. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला विजेवर पाऊण युनिटाच्या आत भागतं, आणि वीज असेल तिथे जंगलाचं लाकूड जाळू नये हेच बरोबर. सूर्यबंब असेल तर आणखी उत्तम. कौतुक आहे ते त्याच्या सरळपणाचं. त्याने आमच्यापासून काही लपवलं नाही. धूर, आवाज, थेंब, राख यांतून त्याने प्रत्येक दुखणं सांगितलं, आणि चौथी शिकलेली माझी आई ते ऐकून दुरुस्त करत राहिली.

तुमच्या माळ्यावर असा बंब पडून असेल तर तो मोडीत घालण्याआधी एकदा खाली काढा. धुराडं झाडा, पाणी भरून रात्रभर ठेवा, थाळी तपासा, गळत असेल तर डाग लावून घ्या. तो अंगणातच पेटवा. आणि घरात गिझर असो, गाडीत हीटर असो, त्याचं पाणी, इंधन, हवा आणि धुराडं कुठून कुठे जातं ते घरातल्या प्रत्येकाला, पोरांनासुद्धा, दाखवून ठेवा.