परक्या वळणाची चौकट

थॉमस जॉन्सन हे नाव आपल्यापैकी फार कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. तो लंडनमधला, लाकडावर नक्षी कोरणारा कारागीर. जन्म १७२३चा. आरशांच्या आणि तसबिरींच्या चौकटी, मेणबत्त्या ठेवायच्या उंच बैठका, भिंतीलगतची मेजं हे त्याचं काम. १७५८मध्ये त्याने आपल्या नमुन्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला आणि तो लॉर्ड ब्लेकनी यांना अर्पण केला. हे ब्लेकनी 'अँटीगॅलिकन' नावाच्या मंडळाचे अध्यक्ष होते. फ्रेंच माल आणि फ्रेंच चालीरीती इंग्लंडमध्ये शिरू नयेत हा या मंडळाचा आग्रह. तेव्हा दोन्ही देशांत युद्ध पेटलेलं होतं. मिनोर्का बेटावर फ्रेंचांशी झुंज दिल्यामुळे ऐंशी उलटलेले ब्लेकनी लोकांच्या गळ्यातले ताईत झाले होते.

म्हणजे पुस्तक फ्रेंचांच्या विरोधात. आतली पानं उलटली की मात्र गंमत दिसते. एकूण एक वळण फ्रेंच!

या शैलीला आज आपण रोकोको म्हणतो. शिंपले आणि खडक वापरून केलेल्या सजावटीला फ्रेंचमध्ये 'रोकाय' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. सरळ रेघ जवळपास नाहीच. इंग्रजी 'सी' आणि 'एस' या अक्षरांसारखे वळसे एकातून एक निघतात. त्यांना पानं फुटतात, पाणी ठिबकतं, टोकावर लांब चोचीचा पक्षी येऊन बसतो. डावी बाजू उजवीसारखी असलीच पाहिजे असा नियम नाही.

हे वळण लंडनला पोहोचलं ते माणसांबरोबर. १६८५मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा हजारो कुटुंबं देश सोडून निघाली. त्यांतले कितीतरी चांदीकाम, विणकाम, कोरीवकाम जाणणारे होते. पुढे १७३०च्या दशकात ग्राव्हलो नावाचा फ्रेंच चित्रकार लंडनला आला आणि सेंट मार्टिन्स लेनमधल्या कलाशाळेत शिकवू लागला. ती शाळा उभी केली होती विल्यम होगार्थने. या होगार्थला फ्रेंचांचा इतका तिटकारा की त्यांची खिल्ली उडवणारं कॅले शहराचं चित्र त्याने काढलं. पण १७५३मध्ये सौंदर्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा सौंदर्याची रेघ म्हणून त्याने निवडली ती तीच नागमोडी रेघ.

मग इंग्रज कारागिरांनी नुसती नक्कल केली का? तर नाही. मॅथायस लॉकने १७४४मध्ये भिंतीवरच्या दिव्यांचे नमुने छापले, तेव्हापासून या वळणाला इंग्लंडचं पाणी लागू लागलं. जॉन्सनने चौकटींमध्ये इसापच्या गोष्टींतले प्राणी आणून बसवले, तेही फ्रान्सिस बार्लो या इंग्रज चित्रकाराच्या चित्रांवरून. थॉमस चिपेंडेलने १७५४च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या नावातच तीन तऱ्हा सांगितल्या: गॉथिक, चिनी आणि 'आधुनिक'. यातली 'आधुनिक' म्हणजे हीच फ्रेंच. त्याच्या खुर्च्या घडत त्या महोगनीच्या, आणि ते लाकूड येई जमैकासारख्या ठिकाणांहून, गुलामांच्या हातांनी तोडलेलं. त्या सुंदर खुर्चीचा हा हिशेबही विसरू नये.

तर मग जॉन्सनला फ्रेंचांचा राग होता तरी कशाचा? उत्तर त्याच्याच अर्पणपत्रिकेच्या चित्रात आहे. एक पंखवालं बाळ एका गुंडाळीला आग लावतंय, आणि त्या गुंडाळीवर लिहिलंय: फ्रेंच पेपर माशे. म्हणजे कागदाचा लगदा.

हे समजायला चौकट कशी होते ते पाहावं लागेल. आधी पाइन किंवा लिंबाच्या जातीचं नव्हे, तर 'लाइम' नावाच्या युरोपीय झाडाचं मऊ लाकूड कोरायचं. त्यावर खडू आणि सरस यांचे थरावर थर द्यायचे. थरांनी नक्षी बुजते, म्हणून ती पुन्हा कोरायची. मग चिकणमातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि शेवटी घोटून चमक. एका चौकटीत किती हातांचे किती दिवस जात असतील! कागदाच्या लगद्याला यातलं कोरीवकाम लागत नाही. साचा एकदा केला की त्यातून हवी तितकी पानंफुलं काढा आणि चिकटवा. जॉन्सनला भीती होती ती साच्याची. वळण परकं असून त्याने आपलं केलं होतं. साचा मात्र त्याच्या हातातली पटाशी काढून घेणार होता.

आणि वळणाच्या बाबतीत सोवळं कुणीच नव्हतं. खुद्द चिपेंडेलने १७६९मध्ये फ्रान्सहून खुर्च्यांचे साठ अर्धवट सांगाडे मागवले आणि किंमत कमी दाखवली म्हणून जकातवाल्यांनी ते जप्त केले.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. मराठीत 'घुसलेले' परके शब्द काढून टाकले पाहिजेत, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. बोलणारा बहुधा खुर्चीवर बसलेला असतो. खुर्ची अरबी. त्याच्या पुढ्यातलं मेज फारसी. मागची अलमारी पोर्तुगीज. हा लेख लिहिताना मी नक्षी, तसबीर, कारागीर, वर्ख हे शब्द वापरले, आणि एकदाही मराठीबाहेर गेल्यासारखं वाटलं नाही. 'कुर्सी'ची 'खुर्ची' झाली तेव्हाच तिला आपलं पाणी लागलं. उर्दूच्या तासाला 'कुर्सी' आणि मराठीच्या तासाला 'खुर्ची' म्हणताना मुलं अडखळत नाहीत.

माझ्या पाहण्यात मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांचे वर्ग ओस पडत चाललेत. ते एकमेकींच्या शब्दांमुळे नाही. दोन्हीकडचे पालक एकाच साच्यातून निघालेली शाळा शोधतायत, आणि त्यांच्या पोटाची काळजी मला खोटी वाटत नाही. पण भांडण करायचंच असेल तर ते कशाशी आहे हे आधी पाहावं.

जॉन्सनच्या नमुन्यांवरून घडलेल्या मेणबत्त्यांच्या बैठका लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आज त्यांची ओळख इंग्रज कारागिरीचा नमुना अशीच आहे. त्यांना फ्रान्सला परत पाठवा, असं कुणी म्हणत नाही.