आधी खाणार, मग अंडी

घरची अंडी स्वस्त पडतात अशा समजुतीत कुणी असेल, तर त्याने कोंबड्या पाळू नयेत. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य फस्त करते आणि अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने घेते. तोवर नुसतं खाते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी मी पंचवीस पिलं आणली, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खोक्यात डोकावून म्हणाल्या, "सहा महिने फुकट जेवणारं वऱ्हाड आणलंस गं!"

पिलं गिरिराजची, एका दिवसाची. ही जात बंगळूरला तयार झालेली. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर गिरिराज परसात फिरूनही 130 ते 150 देते. शिवाय रंगीत असल्यामुळे शेतात चटकन नजरेत येत नाही. पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते, पण तिला पिंजरा आणि मोजून-मापून खाद्य लागतं. आमच्या शेणाच्या ढिगावर ती कशी टिकणार?

पहिला आठवडा खरा कसोटीचा. पत्र्याची पट्टी गोल वळवून रिंगण केलं. चौकोनी खोक्यात पिलं कोपऱ्यात गर्दी करतात आणि खालची चेंगरून मरतात. खाली भाताचं तूस, त्यावर वर्तमानपत्र, कारण पहिले दोन दिवस त्यांना तूस आणि दाणा यांतला फरक कळत नाही. मग एकेकाची चोच गूळपाण्यात बुडवली. वर बल्ब लटकवला. ऊब सुरुवातीला 35 अंश हवी, पुढे दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. थर्मामीटर होता, पण त्याच्याकडे बघायची गरज पडली नाही. पिलं बल्बखाली एकमेकांवर चढली की गारठलीत. कडेला सरकून चोची वासून बसली की उकडतंय. रिंगणभर पसरून चिवचिवत असली की आपण झोपायला मोकळे. अर्थात वीज असेल तर. ती गेली की आत्या घमेल्यात निखारे घेऊन हजर, वऱ्हाडाबद्दलची कुरकूर चालूच.

मानमोडीची लस मात्र टाळू नये. हा रोग शिरला की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. सातव्या दिवशी लासोटाचा एकेक थेंब डोळ्यात सोडायचा. पण बाटली येते शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पंचवीस पिलांसाठी ती फोडायची म्हणजे बाकीची वाया. म्हणून आळीत निरोप दिला. बायका डालग्यातून, पदरातून आपापली देशी पिलं घेऊन आल्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या दादांनी थेंब सोडायचे आणि मी पिलू धरायचं. डोळा मिटून थेंब आत जाईपर्यंत सोडायचं नाही, हे त्यांनी इतक्यांदा बजावलं की शेवटी आत्याच दुसऱ्यांना ओरडू लागल्या.

पिलं सरसकट आणलेली, त्यामुळे जवळपास निम्मे कोंबडे निघाले. एक ठेवून बाकीचे विकले, त्यात खाद्याचा बराचसा खर्च सुटला. अंड्यासाठी कोंबडा लागतच नाही. तो लागतो पिलांसाठी.

तलंगांचे तुरे लाल झाले, हात पुढे केला की त्या दबून बसू लागल्या, तेव्हा मी गवत घालून खोकी मांडली. पहिल्या तलंगीने खोकं हुंगलं आणि सरपणाच्या ढिगात जाऊन अंडं घातलं. लिंबापेक्षा थोडं मोठं, तपकिरी, टोकाला रक्ताची रेघ. आत्यांनी खोक्यात खडूचं एक खोटं अंडं ठेवायला लावलं, मग हळूहळू बाकीच्या तिथे बसू लागल्या. कवच पातळ वाटलं तर शिंपल्यांचा चुरा. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. संध्याकाळी बल्ब लावला तर फरक पडतो, पण मी लावत नाही. त्यांनाही चार दिवस विसावा असू दे.

गिरिराज सहसा खुडूक होत नाही. म्हणून तर जास्त अंडी देते, पण मग पिलं कोण उबवणार? शेजारच्या काकूंची एक देशी कोंबडी खुडूक होऊन कुणाला जवळ येऊ देत नव्हती. तिच्याखाली आमची बारा अंडी ठेवली. ठरलं असं : निम्मी पिलं त्यांची, निम्मी आमची. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली. अकरांत लाल शिरांचं जाळं दिसलं, एक अंडं स्वच्छ होतं, ते काढून टाकलं. एकविसाव्या दिवशी नऊ पिलं बाहेर आली.

नवाचं निम्मं कसं करायचं? काकूंनी पाच पिलं ओच्यात घेतली आणि म्हणाल्या, "कोंबडी माझी, मेहनत तिची." आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालायला आमच्याकडे खुडूक कोंबडी नव्हती.