तारका लावलेला शब्द

इंग्रजीत ‘फिअर’ म्हणजे भीती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. एकदा शब्दांची कुळे सांगणारा कोश चाळीत असता मला या शब्दाचा पूर्वज भेटला. तो होता ‘*फेरो’, आणि त्याचा अर्थ संकट. त्याच्या आरंभी एक चिमुकली तारका होती. तारकेचा अर्थ असा, की हा शब्द कोणी कोठेही लिहिलेला पाहिला नाही. विद्वानांनी तो अनुमानाने उभा केला आहे.

न पाहिलेला शब्द उभा कसा करतात? नातवंडांच्या चेहऱ्यांवरून पणजोबांच्या रूपाची कल्पना करावी, तसा. इंग्रजी आणि जर्मन या एकाच कुळातल्या भाषा. जुन्या इंग्रजीत ‘फॅर’ म्हणजे अकस्मात ओढवलेले संकट; जुन्या जर्मनमध्ये ‘फारा’ म्हणजे दबा धरून बसणे; आजच्या जर्मनमध्ये ‘गेफार’ म्हणजे धोका. ही सारी ‘*फेरो’ची लेकरे. इंग्रजीत मात्र बाहेरचे संकट हळूहळू मनात शिरले आणि भीती होऊन बसले.

भावासह लोककथा गोळा करणारे याकोब ग्रिम यांनी १८२२ साली एक नियम मांडला. संस्कृत व लॅटिनमध्ये जेथे ‘प’ असतो, तेथे या कुळात बहुधा ‘फ’ येतो. आपला ‘पितृ’, त्यांचा ‘फादर’. आपला ‘पद’, त्यांचा ‘फुट’. या वाटेने मागे गेल्यावर ‘*पेर्’ हा प्राचीन धातू हाती लागतो. त्याचा अर्थ प्रयत्न करणे, धाडस करून पाहणे! लॅटिनमध्ये त्याच्यापासून झालेल्या ‘पेरिक्युलुम’ या शब्दाचा अर्थ कसोटी आणि संकट असा दुहेरी आहे. अनुभव या अर्थाचा ‘एक्सपीरियन्स’ आणि प्रयोग या अर्थाचा ‘एक्सपेरिमेंट’ हे इंग्रजी शब्दही याच घराण्यातले.

उत्तर चुकेल म्हणून मान खाली घालणारी कितीतरी मुले मी वर्गात पाहिली. लहानपणी मीही त्यांच्यातलाच होतो. शब्दांच्या कुळावरून आयुष्याचे नियम ठरत नाहीत, हे खरे. तरीही भीती, प्रयत्न आणि अनुभव ही भावंडे आहेत, हे कळल्यावर मला मोठा धीर आला.

त्या विद्वानांनाही चूक होण्याचा धोका होताच. म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्यांनी प्रामाणिकपणे तारका लावली आणि शब्द लिहिला. मुलांनो, उत्तराची खात्री नसेल तर तसे सांगा. पण हात वर करा.